सगळं वाढलं

खोटं बोलत असेन तर तोंडातले उरलेसुरले दात आत्ताच्या आत्ता पानात पडू देत. शब्द न् शब्द खरा आहे. माझी नात म्हणते आजी थापा मारते. तिला काय विचारता, ती तेव्हा जन्मली नव्हती. जे जन्मले होते ते सगळे वर गेले. साक्षीदार उरले मी एकटी, आणि मी सांगते ते खरं.

तर वसगडेकर माझ्या खोलीत बकासुराच्या मांडीवर बसले होते.

बकासुर कापसाचा. सांगलीत गावभागात द्वारकाकाकू चिपलकट्टींच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायचो, आणि आमचा धंदा ड्रेपरीचा. शाळांची गॅदरिंगं, गणपतीतली नाटकं, त्यांना पोशाख भाड्यानं द्यायचे. म्हणजे भाड्याच्या खोलीत भाड्याचे कपडे. काकू मला भाडोत्र्यांची भाडोत्री म्हणायच्या, आणि मला ऐकू येईल एवढ्या हळू म्हणायच्या. खोलीत माणसाला टेकायला जागा नव्हती. दोरीवर मावळ्यांचे अंगरखे, खुंटीला तागाचा सिंह, माळ्यावर रावणाची डोकी, कोपऱ्यात खऱ्या पिसांचा मोर. पाहुणा आला की त्याला भिंतीला टेकवलेल्या बकासुराच्या मांडीवर बसवायचा. मऊ असायची. एकदा एक हेडमास्तर तिथंच झोपले आणि शाळा सुटल्यावर उठले.

वसगडेकर विम्याचे एजंट. सायकलवरून फिरायचे, आवाज असा की दुधावरची साय हलू नये. मुलीसाठी पोपटाचा पोशाख न्यायला आले होते, चहा झाला आणि विम्यावर घसरले. म्हणाले, वहिनी, घर तुमचं नाही, मान्य. पण सामान तर तुमचं आहे ना. लोक म्हणतात घरमालकाचा विमा असला की झालं. मालकाच्या विम्यात मालकाच्या भिंती. तुमच्या सिंहाला कोण विचारतो?

"समजा," ते म्हणाले, "उद्या या खोलीला आग—"

"वसगडेकर."

काकू जिन्यात उभ्या होत्या. नेहमीच असायच्या. त्यांच्या घरात जिना नसता तर त्या कुठं राहिल्या असत्या कोण जाणे.

"तो शब्द परत घ्या," काकू म्हणाल्या. "घ्या म्हणते ना. आणि तोंड धुऊन या."

आणि तो बिचारा मोरीत जाऊन खरंच चूळ भरून आला.

काकूंचं असं होतं बघा. वास्तू तथास्तु म्हणते, हे आपण सगळेच ऐकतो आणि सोडून देतो. काकूंनी सोडलं नव्हतं. त्यांच्या मते भिंतीतला तो वास्तुपुरुष दिवसभर तथास्तु, तथास्तु असं पुटपुटतच असतो. आपलं वाईट बोलणं आणि त्याचं तथास्तु एका वेळी पडलं की संपलं. संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. तांदूळ संपले नाहीत, वाढले. बांगडी फुटली नाही, वाढली. नारळ तर काय, सगळ्यांकडेच वाढवतात. दिवा विझवायचा नाही, त्याला निरोप द्यायचा. दार बंद करायचं नाही, पुढे करायचं. आणि जा म्हणायचं नाही, ये म्हणायचं. भांडण ऐन रंगात आलं की काकू लाल होऊन मला म्हणायच्या, "ये तू, आधी ये इथनं." मी म्हणायची, आलेय की, अजून किती येऊ?

मी सुद्धा काही गरीब गाय नव्हते. ताटात भात संपला की खिडकीतून ओरडायची, काकू, आमचा भात मेला हो. खाली जप थांबायचा.

पण विम्याचं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. त्या पोशाखांत माझ्या मोडलेल्या पाटल्या होत्या, आईनं घातलेल्या. आमचे हे त्या काळात जत्रांमधून नटांची तोंडं रंगवत फिरायचे, घरी असले तर असले. पोशाख गेले तर जतला थोरल्या दिराच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि त्या दारात एकदा उभं राहिलेली बाई पुन्हा बसत नाही. चूल, गोठा, जाऊबाईंचे पाय. मी तिथून पळूनच सांगलीला आले होते. म्हणून वसगडेकरांना म्हटलं, सांगा पुढचं.

ते जिन्याकडे बघून म्हणाले, इथं नको, रस्त्यावर सांगतो.

समोर विजेचा खांब होता. त्या खांबाखाली उभं राहून त्यांनी मला आग, चोरी, पाणी, पडझड सगळं व्यवस्थित सांगितलं. शेवटी म्हणाले, आणि यात मालकाचंही एक कलम आहे. तुमच्या हातून काकूंच्या घराचं काही नुकसान झालं तर तेही कंपनी भरून देईल.

काकू गॅलरीत होत्या. मी मान वर करून मुद्दाम मोठ्यांदा म्हटलं, "ऐकलं का काकू, तुमच्या घराचाही विमा मी भरतेय. फुकट."

काकूंनी वरून सांगितलं, "माझ्या घराचं वाईट चिंतायला तू पैसे भरणार. लाज वाढली तुझी."

त्या दिवसापासून युद्ध. काकूंनी वरच्या नळाचा कॉक फिरवला. विचारलं तर म्हणाल्या, पाणी वाढलंय. मी रावणाची डोकी धुऊन गॅलरीत वाळत घातली, सगळी तोंडं तुळशीकडे करून. काकू प्रदक्षिणा घालायच्या तेव्हा वीस डोळे त्यांच्याबरोबर फिरायचे. फिरायचे म्हणते ना, मी पाहिलंय. मग काकूंनी जिन्यात पोहे वाळत घातले, मी येता-जाता दोन्ही वेळा ओलांडून जायला लागले. काकूंची मांजर होती, राणी, ती माझ्या मोराकडे बघून दात विचकायची. तिलाही बहुतेक काकूंनी शिकवलं होतं.

मग आला गॅदरिंगचा मोसम.

भर दुपार. लाइट गेली होती म्हणून कोळशाची इस्त्री काढली होती. मावळ्यांचे अंगरखे दुसऱ्या दिवशी मराठी शाळेला द्यायचे होते. कापडावर शिंपडायला पाणी संपलं, नळ तर काकूंनी वाढवलेला, म्हणून इस्त्री फरशीच्या तुकड्यावर नीट उभी करून मी कळशी घेऊन खाली सार्वजनिक नळावर गेले. नीट उभी केली होती, हे लिहून ठेवा. मी पाठ फिरवल्याबरोबर राणी आत शिरली. मोरावर झेप घेतली, मोर चुकला, इस्त्री सापडली. इस्त्री कलंडली, निखारे सिंहाच्या शेपटीवर.

ताग म्हणजे तागच. मी कळशी भरून वर बघते तर माझ्या खिडकीतून धूर येतोय आणि धुरातून मांजर. मांजर थेट काकूंच्या पदरात.

माणसं धावली. बादल्या, घागरी, कोणी रसवंतीवाल्याची उसाच्या रसाची किटली सुद्धा ओतली. बकासुराला चौघांनी पेटलेला खाली आणला, तेव्हा समोरचे आबा फडणीस, नव्वदीचे, हात जोडून म्हणाले, देवा, न्यायला आलास पण एवढा थाट कशाला. रावणाचं एक डोकं फाटकन उडालं आणि रस्त्यापलीकडे भाजीवालीच्या वांग्यांत जाऊन पडलं. तिनं ते तोललं. खरं सांगते, तोललं आणि मग ओरडली.

विझलं तेव्हा खोलीत काही नव्हतं. वर बघितलं तर निळं आकाश. वासे कोळसा झालेले, कौलं खाली. ते वासे काकूंच्या नवऱ्यानं स्वतः चढून बसवले होते, हे मला काकूंनी निदान शंभर वेळा ऐकवलं होतं.

अंगणात काकू मांजराची शेपटी फुंकत उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बोललीस आणि झालं. वास्तूनं ऐकलं."

मी म्हटलं, "वास्तूनं नाही, तुमच्या मांजरानं ऐकलं."

त्यानंतर आमचं बोलणं बंद. बंद नाही, पुढे केलं.

विम्याचा साहेब यायला बरेच दिवस लागले. तोवर मी ताडपत्रीखाली, काकू खाली, मध्ये जिना. साहेबाचं नाव निगम, लखनौकडचे. सर्व्हेयर म्हणतात त्यांना, नुकसान किती झालं ते ठरवणारा माणूस. पांढरे बूट, आणि मराठी शिकल्याचा फार अभिमान. मी हिंदीत बोलायला लागले तर हात वर करून म्हणाले, "मराठीत. मी महाराष्ट्राचं मीठ खातो."

राख बुटानं उकरून बघत होते. कापूस, ताग, कापड, राहतंय काय त्याचं? मी म्हटलं, हा सिंह. ते म्हणाले, ही राख आहे. मी म्हटलं, हे मावळे. म्हणाले, ही पण राख. वसगडेकर मध्ये काही बोलायला गेले तर त्यांना गप्प केलं, एजंट तुम्ही, तुमचं काय ऐकायचं. आणि मला म्हणाले, मॅडम, राखेवरून मला राजा आणि भिकारी वेगळे कळत नाहीत. सामान होतं आणि ते गेलं, असं सांगणारं घरातलं दुसरं कोणी आहे का?

घरातलं दुसरं म्हणजे कोण? खाली सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

मी वसगडेकरांकडे बघितलं. वसगडेकरांनी आकाशाकडे बघितलं, ते तिथनं चांगलं दिसत होतं.

साहेब ओसरीवर गेले. नमस्कार केला. विचारलं, बाई, वरती सामान किती होतं?

"खोली भरून," काकू म्हणाल्या. "पाय ठेवायला जागा नव्हती. मोर, सिंह, नाही नाही ते."

मला वाटलं, चला, म्हातारी सरळ आहे.

"आणि आगीनंतर?"

काकूंचा हात सुपात थांबला. "शब्द सांभाळा. अजून अर्धं छप्पर आहे माझं."

"त्यानंतर सामानाचं काय झालं?"

"वाढलं."

साहेबांनी पेन थांबवलं. "वाढलं?"

"वाढलं म्हणते ना. मुकुट वाढले, अंगरखे वाढले, तो मेला सिंह वाढला." मेला हा शब्द त्यांना शिवीत चालायचा, वास्तूला शिव्या कळत नसाव्यात. "माझे वासेसुद्धा वाढले."

साहेब वळून माझ्याकडे आले. चेहरा असा की दह्यात माशी. "मॅडम, मालकीण म्हणते तुमचं सामान वाढलं. म्हणजे होतं थोडं, तुम्ही सांगताना वाढवलं."

मी म्हटलं, अहो साहेब, वाढलं म्हणजे संपलं.

"मला मराठी शिकवू नका. पगार वाढला. भाव वाढला. मुलगा वाढला. मुलगा संपला का?"

वसगडेकरांना राहवेना. त्यांनी सायीच्या आवाजात सांगितलं, साहेब, आमच्यात बांगडी वाढते.

"बांगडी कशी वाढेल?"

"नारळ वाढवतात साहेब. देवापुढे."

"नारळ झाडावर वाढतो. देव काय करणार त्यात?"

वसगडेकर म्हणाले, दुकानसुद्धा वाढवतात, संध्याकाळी. साहेब म्हणाले, हो, धंदा चांगला असला की वाढवतात. आणि पेनाचं टोपण लावलं. टोपण लावलेलं बघून माझ्या पोटात जाऊबाईंचा गोठा उभा राहिला. शेणासकट.

मी ओसरीवर गेले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

"काकू, एकच शब्द बोला. जळालं म्हणा."

"या घरात नाही."

"माझा संसार त्या शब्दावर आहे."

"तुझा संसार तुझ्या तोंडानं घालवलास. माझं तोंड मागतेस कशाला?"

"ते म्हणतात मी खोटी आहे."

"तू आहेसच खोटी," काकू म्हणाल्या. "भात मेला म्हणून ओरडायचीस. जिवंत भात तरी बघितलायस का कधी?"

मी हरले. खरंच हरले. पण साहेब जाता जाता थांबले. पद्धतीचा माणूस. काकूंना म्हणाले, मी असं लिहितो, तुम्ही बरोबर की चूक ते सांगा. या बाईचं काही गेलेलं नाही. ही खोटी. तुमचे वासेही ठीक आहेत, तेव्हा कंपनीनं तिलाही काही देऊ नये आणि तुमच्या छपरालाही नाही. ही तुमची साक्ष.

काकूंनी सूप खाली ठेवलं.

"मी असं म्हटलं?"

"तुम्ही म्हटलं, सगळं वाढलं."

"मी उभ्या जन्मात खोटी साक्ष दिली नाही," काकू म्हणाल्या.

"मग खरी द्या."

 काकूंनी सुपातला एक खडा उचलला, परत सुपात टाकला. मग उठल्या. पदर डोक्यावरून घेतला, चपला घातल्या. अंगण ओलांडलं, उंबरा ओलांडला, गटार ओलांडलं, आणि रस्त्याच्या पलीकडे त्या विजेच्या खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या. घराकडे पाठ केली. आम्ही मागोमाग. साहेबांचे पांढरे बूट गटारात एकदा बुडाले.

"लिहा," काकू म्हणाल्या. "जळालं."

इतकं बारीक म्हणाल्या की साहेब म्हणाले, काय?

"जळालं. तिचं सगळं जळालं. सिंह जळाला, मुकुट जळाले, मोर जळाला, मावळ्यांचा धागा उरला नाही. राख झाली. मी डोळ्यांनी बघितली." आवाज चढत गेला. भाजीवाली काटा हातात धरून थांबली. "माझे वासे जळाले. ह्यांनी बसवलेले होते. ह्यांनी." तिथं थांबायचं होतं, साहेबांचं लिहून झालं होतं. पण काकू थांबल्या नाहीत. रस्त्याकडे बघूनच बोलत होत्या. "आणि हे गेले. देवाघरी नाही, मेले. सिव्हिलच्या व्हरांड्यात मेले. बांगड्या वाढवल्या म्हणतात सगळे. वाढवल्या नाहीत. फोडल्या माझ्या. दगडावर हात ठेवून फोडल्या."

 आबा फडणीसांनी कानामागचा हात खाली घेतला.

काकूंनी पदर नीट केला. सार्वजनिक नळावर जाऊन चूळ भरली, पाय धुतले, आणि घराकडे निघाल्या. माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "झालं समाधान?"

वाशांसाठी बोलल्या की साक्षीसाठी, की आणखी कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही. साहेब टोपण लावून हळूच वसगडेकरांना विचारत होते, म्हणजे नारळ सुद्धा फोडतातच का? वसगडेकर म्हणाले, हो साहेब, पण म्हणायचं नाही.

विमा मिळाला. त्यांना आणि मलाही, एकाच कलमाच्या दोन टोकांना बांधल्यासारख्या आम्ही. आधी त्यांचं छप्पर झालं, सागवानी वासे आले, मंगळुरी कौलं आली. मग माझी कापडं आली, ताग आला, मोराची पिसं आली. नवा सिंह पहिल्यापेक्षा देखणा झाला. वास्तविक आता तरी गोडी व्हायला हवी होती. पण माणसाच्या तोंडून असलं काही निघून गेलं की ज्यानं ऐकलं तो त्याला डोळ्यांपुढे नको असतो. काकू माझ्याकडे बघायच्या आणि मी त्यांची चोरी केली असल्यासारख्या नजर फिरवायच्या.

शेवटचं कौल बसलं त्या दिवशी जिन्यात आल्या. वर खोलीभर नजर फिरवली.

"घर पुरं झालं," म्हणाल्या. "आता तू ये."

मला अर्थ विचारावा लागला नाही. माळ भागात एक खोली बघितली, हातगाडी केली. नवा बकासुर सगळ्यात वर, तोंड गावाकडे. निघाले तर काकू दारात उभ्या. हातात वाटी. माझ्या तळहातावर दही घातलं. मी चाटलं. आंबट होतं, चांगलं लागलेलं. मग त्यांनी म्हटलं, "ये." मी गाडीमागून चालत कोपऱ्यापर्यंत गेले आणि ते दही माझ्या जिभेवर होतं.

नवीन मालकाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, सामानाचा विमा असेल, तुमच्या भिंतीचंही त्यात असेल, आणि ते कागद खोलीत नाही, रस्त्यावर होतील. तो हसला. मी नाही हसले.

तर असं. वांग्यांत पडलेलं डोकं खरं, तोललं तेही खरं. मांजर खरं. वीस डोळे खरे. निगम साहेब जाताना आबांना नमस्कार करून "आम्ही वाढतो" म्हणाले, हे सांगायचं राहिलं, तेही खरं.

दही तेवढं माझ्या पदरचं. काकूंच्या हातात वाटी नव्हती. दारात आल्या होत्या, "ये" म्हणाल्या होत्या, आणि माझी गाडी कोपऱ्यावर पोचायच्या आत दार धाडकन पुढे केलं होतं.